सुकाणूवरचा हात: स्वयंचलित मालवाहू जहाजांचा इतिहास

मार्ग धरणे, समोरून येणाऱ्या जहाजाला चुकवणे, वेग कमीजास्त करणे आणि धक्क्याला लागणे ही कामे जहाजावरच्या माणसाच्या हाताशिवाय पार पाडते, ते स्वयंचलित जहाज. अशी काही जहाजे बऱ्याच अंशी संगणकाच्या निर्णयावर चालतात. काहींवर किनाऱ्यावरच्या कक्षातून नजर ठेवली जाते आणि गरज पडल्यास तिथूनच सूत्रे हाती घेतली जातात. २०१० नंतरच्या दशकात मालवाहतुकीच्या धंद्यात या जहाजांची चर्चा वाढली ती दोन आश्वासनांमुळे: माल कमी खर्चात जाईल आणि धूर कमी होईल. या दोन आश्वासनांचा उगम मात्र एक नाही. जहाजावरची माणसे कमी करण्याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे, तर धूर कमी करण्याचा जेमतेम दोन दशकांचा. हे दोन प्रवाह अगदी अलीकडे एकत्र आले आणि अजूनही ते पुरते मिसळलेले नाहीत.

यंत्राने सर्वांत आधी हाती घेतले ते सुकाणूचे कष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोखंडी आगबोटी इतक्या मोठ्या झाल्या की खवळलेल्या समुद्रात त्यांचे सुकाणू वळवायला अनेक माणसांचे बळ एकवटावे लागे. इझंबार्ड ब्रुनेलच्या, १८५८ साली पाण्यात उतरलेल्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या २११ मीटर लांबीच्या जहाजावर ही अडचण टोकाला गेली. पुढच्या दशकात जॉन मॅकफार्लेन ग्रे या अभियंत्याने त्यावर वाफेचे सुकाणूयंत्र बसवले. चाक फिरवले की वाफेचे इंजिन सुकाणू ओढी, आणि सुकाणू हव्या त्या कोनात आले की इंजिन आपले आपण थांबे. आपल्याच कामाचा परिणाम तपासून यंत्राने थांबावे, ही तऱ्हा पुढच्या सगळ्या स्वयंचलनाचा पाया ठरली. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को यांनी त्याच काळात अशी यंत्रे तयार केली आणि १८७३ साली त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चाकावरचा माणूस मात्र जागच्या जागीच होता. त्याच्या दंडातली ताकद वाचली, लक्ष वाचले नाही.

लक्ष देण्याचे काम यंत्राकडे सोपवायचे, तर आधी यंत्राला दिशा कळायला हवी होती. चुंबकीय होकायंत्रावर लोखंडी जहाजाच्या अंगाचाच परिणाम होई आणि त्याची सुई सतत डुलत राही. जर्मनीत हेर्मान आन्शुट्झ-केम्फ यांनी वेगाने फिरणाऱ्या चक्रावर आधारलेले घूर्णी होकायंत्र १९०८ च्या सुमारास वापरात आणण्याजोगे केले. अमेरिकेत एल्मर स्पेरी यांनी १९११ साली आपल्या घूर्णी होकायंत्राची ‘डेलावेअर’ या युद्धनौकेवर चाचणी घेतली. हे यंत्र खरी उत्तर दिशा दाखवी आणि त्याचा संकेत विजेच्या तारेतून दुसऱ्या यंत्राला देता येई. हा संकेत थेट सुकाणूयंत्राला जोडला की जहाज आपोआप ठरलेल्या दिशेला धरून राही. स्पेरी यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस असे स्वयंसुकाणू बाजारात आणले. खलाशी त्याला ‘मेटल माइक’ म्हणत. सुकाणू उगाच इकडेतिकडे वळवले गेले नाही तर जहाज सरळ जाते आणि कोळसा वाचतो, असा प्रचार त्याच्या विक्रीसाठी केला जाई. स्वयंचलनामुळे इंधन वाचते, या दाव्याचे हे बहुधा सर्वांत जुने रूप.

याच काळातले निकोलस मिनोर्स्की यांचे काम अधिक खोलवर गेले. रशियातून अमेरिकेत आलेल्या या अभियंत्याने १९२२ साली सुकाणूच्या आपोआप नियंत्रणाचे गणित मांडले. त्याची सुरुवात कसबी सुकाणूवाल्याच्या निरीक्षणातून झाली. नवशिका माणूस जहाज किती अंश भरकटले एवढेच पाहतो आणि त्या मानाने सुकाणू वळवतो, त्यामुळे जहाज नागमोडी जाते. मुरलेला सुकाणूवाला जहाज किती झपाट्याने वळते आहे हेही पाहतो आणि वळण पुरे होण्याआधीच सुकाणू उलटे देतो. वारा किंवा प्रवाह एका बाजूने सतत रेटत असेल, तर त्याच्यासाठी तो थोडा कोन कायमचा राखून ठेवतो. आत्ताची चूक, चूक बदलण्याचा वेग आणि आजवर साचलेली चूक या तीन गोष्टी मिनोर्स्की यांनी एका समीकरणात बसवल्या. ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याची चाचणी झाली आणि यंत्राने चांगले काम केले, तरी नौसैनिकांच्या विरोधामुळे नौदलाने ते स्वीकारले नाही. पुढे हेच समीकरण रासायनिक कारखान्यांपासून विमानांपर्यंत सर्वत्र पोहोचले. आजच्या स्वयंचलित जहाजाचे सुकाणूही मुळात याच विचारावर वळते. पिढ्यान्‌पिढ्या हाताला हात लावून शिकवलेली एक विद्या पहिल्यांदाच कागदावर उतरली होती, आणि हे श्रेय मिनोर्स्की यांच्याइतकेच त्या अनाम सुकाणूवाल्यांचे आहे.

या अनाम माणसांत कोकणातल्या लोकांचा वाटा मोठा होता. ब्रिटिश आगबोट कंपन्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत खलाशांची भरती करत. डेकवरच्या कामाला रत्नागिरी, सुरत, काठेवाड या किनाऱ्यांवरचे खलाशी असत. भटारखाना आणि प्रवाशांची सरबराई गोव्याच्या लोकांकडे असे. भट्ट्यांपुढे कोळसा टाकणारे आगवाले बहुतकरून पंजाब आणि सरहद्द प्रांताकडचे असत. सारंग आणि टिंडेल या मुकादमांच्या हाताखाली चालणारी ही व्यवस्था वेतनात अन्याय्य होती. त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या मानाने या माणसांना फार कमी पगार मिळे, आणि कंपन्यांचा नफा बऱ्याच अंशी या फरकावर उभा होता. मजुरी स्वस्त आहे तोवर यंत्र आणण्याची घाई कुणाला नसते. जहाजांच्या स्वयंचलनाच्या इतिहासात हे कारण पुनःपुन्हा आडवे येते.

आगवाल्यांची गरज संपवली ती स्वयंचलनाने नव्हे, इंधनबदलाने. मोठ्या प्रवासी आगबोटीच्या पोटात शेकडो माणसे पाळ्यांनी कोळसा ओढत, टाकत आणि राख काढत. ‘टायटॅनिक’चे भावंड असलेल्या ‘ऑलिंपिक’ जहाजाच्या भट्ट्या पहिल्या महायुद्धानंतर तेलावर आणल्या गेल्या, तेव्हा त्याच्या इंजिनविभागातली माणसे सुमारे ३५० वरून ६० वर आली. त्याआधी १९१२ साली कोपनहेगनच्या बुर्माइस्टर अँड वाइन कारखान्यात बांधलेले ‘सेलांडिया’ हे जहाज डिझेल इंजिनावर बँकॉकच्या सफरीला निघाले होते. त्याला ना भट्टी होती, ना आगवाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डिझेल इंजिनांनी वाफेला मागे टाकायला सुरुवात केली आणि शुद्धीकरण कारखान्यात तळाशी उरणारे जाड, काळे, स्वस्त तेल या इंजिनांत जाळले जाऊ लागले. या तेलाने मालवाहतूक स्वस्त केली. त्याबरोबर गंधकाचा धूरही आला. हे तेल आधी तापवावे लागते, त्यातला गाळ आणि पाणी वेगळे काढावे लागते, गाळण्या सतत साफ कराव्या लागतात. म्हणून इंजिनरूममध्ये माणूस लागतोच. सर्वांत घाणेरडे इंधन आणि माणसाची गरज यांची गाठ अशी तिथे पडली, आणि पुढे बिनखलाशी जहाजाचा विचार करणाऱ्यांना ती आधी सोडवावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वयंचलनाचे केंद्र जपानकडे सरकले. तिथे जहाजबांधणी तेजीत होती, पगार वाढत होते आणि समुद्रावर जाणारी तरुण माणसे कमी पडू लागली होती. १९६१ साली मित्सुईच्या कारखान्यातून ‘किंकासान मारू’ हे मालवाहू जहाज बाहेर पडले. त्याचे मुख्य इंजिन ब्रिजवरून चालवता येई आणि इंजिनरूममधली तापमाने, दाब, पातळ्या एका नियंत्रणकक्षात बसून पाहता येत. जगातले पहिले स्वयंचलित जहाज म्हणून त्याची नोंद होते, ती याच अर्थाने. यानंतर दहा-पंधरा वर्षांत रात्री कुणीही पाळीवर नसलेली इंजिनरूम ही सर्वसाधारण गोष्ट झाली. दिवसा अभियंते देखभाल करत, संध्याकाळी इंजिनरूम सोडून वर येत, आणि काही बिघडले तर घंटा थेट ज्याची पाळी असेल त्याच्या खोलीत वाजे. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानेही अशा इंजिनरूमसाठी वेगळे नियम केले. म्हणजे जहाजाचा अर्धा भाग माणसाविना चालवण्याला जगाने तेव्हाच मान्यता दिली होती, आणि त्याविषयी फारशी चर्चाही झाली नाही.

त्याच सुमारास कंटेनरने बंदरावरची माणसे हटवली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर घेऊन निघाले. सुटा माल एकेक पोते, एकेक पेटी असा चढवायला टनामागे सुमारे ५.८६ डॉलर लागत. कंटेनरने तो खर्च १६ सेंटच्या आसपास आणला. जहाजे दिवसेंदिवस बंदरात अडकून पडेनाशी झाली आणि आकाराने वाढत गेली. आज ४०० मीटर लांबीचे, वीस हजारांहून अधिक कंटेनर नेणारे जहाज वीस-पंचवीस माणसे चालवतात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस आडव्या अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’वर २५ खलाशी होते आणि ते सगळे भारतीय होते. इतक्या मालामागे इतकी कमी माणसे असतील, तर पगाराचा खर्च कंटेनरमागे आधीच किरकोळ झालेला असतो. खलाशी काढून टाकल्याने वाहतूक फार स्वस्त होईल हा दावा मोठ्या जहाजांना लागू पडत नाही, तो या साध्या हिशेबामुळे. तो लागू पडतो लहान जहाजांना, जिथे मालाच्या मानाने माणसे जास्त असतात.

१९८० च्या दशकात जपानने अवघ्या अकरा माणसांवर चालणारी जहाजे समुद्रात उतरवली, आणि पुढची पायरी शून्याची असेल असे तेव्हा अनेकांना वाटत होते. तसे घडले नाही. जहाजमालकांनी पनामा, लायबेरिया अशा देशांची निशाणे लावली आणि फिलिपिन्स, भारत, चीन इथली कुशल माणसे कमी पगारात घेतली. महागडी यंत्रे बसवण्यापेक्षा ते सोपे होते. तंत्रज्ञान मात्र थांबले नाही. उपग्रहावरून स्थान कळू लागले, कागदी नकाशांच्या जागी इलेक्ट्रॉनिक नकाशे आले, १ फेब्रुवारी १९९९ रोजी उपग्रहाधारित संकटसंदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि जहाजावरचा रेडिओ अधिकारी हे पद जवळजवळ संपले. २००४ च्या अखेरीपर्यंत मोठ्या जहाजांना आपले नाव, स्थान, दिशा आणि वेग आपोआप प्रसारित करणारे उपकरण बसवणे बंधनकारक झाले. यामुळे एका जहाजाच्या संगणकाला दुसरे जहाज न पाहताही कळू लागले. पुढच्या स्वयंचलनाची ही आवश्यक पूर्वतयारी होती, जरी तेव्हा हेतू केवळ सुरक्षेचा होता.

धुराचा प्रश्न या गोष्टीत शिरला तो इंधनाच्या किमतीच्या दाराने. पाणी कापायला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के कमी केला, तर इंजिनाची शक्ती सुमारे २७ टक्के कमी लागते. प्रवास लांबतो हे धरूनही त्याच अंतराला जवळपास १९ टक्के इंधन वाचते. २००८ च्या आर्थिक मंदीत जहाजे रिकामी पडू लागली, तेव्हा मर्स्कसारख्या कंपन्यांनी जहाजे मुद्दाम हळू चालवायला सुरुवात केली. त्यात पैसे वाचले, आणि धूरही कमी झाला. इतकी मोठी बचत एका उपायाने क्वचितच झाली असेल, आणि त्याला एकही नवे यंत्र लागले नव्हते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ साली नव्या जहाजांसाठी ऊर्जाकार्यक्षमतेचे निकष ठरवले. २०२० च्या आरंभी इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. त्याच वर्षीच्या संघटनेच्या अहवालानुसार २०१८ मध्ये जगाच्या मानवनिर्मित हरितगृह वायूंत जहाजवाहतुकीचा वाटा २.८९ टक्के होता. २०२३ च्या जुलैत संघटनेच्या सदस्य देशांनी २०५० च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले.

बिनखलाशी जहाज आणि कमी धूर यांचा संबंध तात्त्विक पातळीवर इथे जुळतो. संथ चालण्याला एक मर्यादा असते, ती म्हणजे माणसांचा पगार, खाणे, पाणी आणि त्यांना घरी परतायचे असते ही गोष्ट. प्रवासाचे दिवस वाढले की हा खर्च वाढतो आणि इंधनातली बचत खाऊन टाकतो. जहाजावर कुणीच नसेल तर वेळ स्वस्त होतो आणि वेग आणखी उतरवता येतो. राहण्याच्या खोल्या, ब्रिजचा मनोरा, वातानुकूलन, सांडपाण्याची व्यवस्था, जीवरक्षक नौका हे सारे वगळले तर वजन आणि वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि त्या जागेत माल मावतो. शिवाय आधी सांगितलेले जाड तेल माणसाच्या देखभालीशिवाय जाळता येत नसल्याने अशा जहाजाला स्वच्छ इंधन किंवा बॅटरी घेणे भागच पडते. युरोपीय संघाच्या पैशावर २०१२ ते २०१५ या काळात चाललेल्या ‘म्युनिन’ प्रकल्पाने मोठ्या मालवाहू जहाजासाठी हा विचार सविस्तर तपासला. नॉर्वेतल्या जहाज-वर्गीकरण संस्थेने २०१४ साली ‘रिव्होल्ट’ ही कल्पना मांडली: ६० मीटर लांब, शंभर कंटेनरचे, बॅटरीवरचे, बिनखलाशी आणि अवघ्या ६ नॉट वेगाचे जहाज. ते प्रत्यक्षात बांधले गेले नाही, त्याच्या लहान प्रतिकृतीवर प्रयोग झाले. पण पुढे जे बांधले गेले त्याची रूपरेषा त्यात स्पष्ट दिसते.

नॉर्वेने यात पुढाकार घेतला याला कारणे होती. तिथली बहुतेक वीज पाण्यापासून होते, किनारा फियोर्डांनी चिरलेला आहे आणि कमी अंतराच्या फेरीबोटी हे रोजच्या जगण्याचे साधन आहे. २०१५ साली सोग्नेफियोर्डात ‘आम्पेरे’ ही पूर्णपणे बॅटरीवरची वाहनवाहू फेरीबोट सुरू झाली. दर फेरीनंतर धक्क्याला लागल्या लागल्या काही मिनिटांत तिची बॅटरी भरली जाई. २०१६ साली ट्रॉन्हाइम फियोर्ड हे स्वयंचलित जहाजांच्या चाचणीसाठी अधिकृतपणे राखून ठेवलेले क्षेत्र जाहीर झाले. शेजारच्या फिनलंडमध्ये ३ डिसेंबर २०१८ रोजी ‘फाल्को’ ही ५३.८ मीटरची फेरीबोट पाराइनेनहून नाऊव्होला कुणाचाही हात न लागता गेली आणि परतताना सुमारे ५० किलोमीटरवरच्या तुर्कू शहरातल्या कक्षातून एका कप्तानाने ती चालवली. त्याआधी २०१७ साली कोपनहेगन बंदरात ‘स्विट्झर हेर्मोड’ हा टग दुरून चालवून दाखवण्यात आला होता.

या सगळ्यात सर्वाधिक गाजले ते ‘यारा बिर्कलंड’. यारा ही नॉर्वेची खतकंपनी. तिचे मूळ १९०५ साली स्थापन झालेल्या नोर्स्क हायड्रो या कंपनीत आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून विजेच्या ठिणगीने खत बनवण्याची पद्धत शोधणारे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्कलंड यांचे नाव जहाजाला दिले गेले. पोर्सग्रुन शहराजवळच्या हेरोया कारखान्यातून खताचे कंटेनर ब्रेव्हिक आणि लार्विक या बंदरांकडे डिझेलच्या ट्रकांनी जात. वर्षाला अशा सुमारे ४०,००० फेऱ्या होत, आणि त्या वस्तीच्या रस्त्यांवरून होत. हा माल पाण्यावरून न्यायचा, विजेवर न्यायचा आणि माणसाशिवाय न्यायचा, असा संकल्प यारा आणि कोंग्सबर्ग या कंपन्यांनी २०१७ साली जाहीर केला. जहाज ८० मीटर लांब, १२० कंटेनरचे आणि सुमारे ७ मेगावॅट-तास बॅटरीचे ठरले. २०२० पर्यंत ते पूर्णपणे आपले आपण चालू लागेल असे वेळापत्रक होते.

प्रत्यक्षात सांगाडा रोमानियात बांधून जहाज नॉर्वेत पुरे झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ताब्यात आले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते ऑस्लोला लोकांना दाखवले गेले आणि २०२२ च्या वसंतात त्याने नियमित माल नेण्यास सुरुवात केली. त्यावर खलाशी होते. कोरोनाच्या साथीने काम लांबले हे खरे, पण मूळ अडचण वेगळी होती. जहाज पाण्यावर मार्ग काढू शकते. कंटेनर उचलून नेमक्या जागी ठेवणे, चढवणे-उतरवणे, धक्क्यावरची हालचाल, हे सगळे एका साखळीत माणसाविना बसवणे कठीण निघाले. ‘यारा बिर्कलंड’चा धडा यातच आहे. धूर कमी झाला तो पहिल्या फेरीपासून, कारण बॅटरी आणि जलविद्युत पहिल्या फेरीपासून होती. वर्षाला सुमारे १,००० टन कर्बवायू वाचेल असा कंपनीचा अंदाज होता. स्वयंचलन मागाहून, परवान्याच्या एकेका टप्प्याने यायचे होते. दोन्ही आश्वासने एकाच जहाजाच्या नावाने दिली गेली, म्हणून ती एकच आहेत असा समज पसरला. तो चुकीचा आहे. खलाशी ठेवूनही हे जहाज तितकेच स्वच्छ चालते.

मर्यादाही याच जहाजातून समजते. हेरोयाहून ब्रेव्हिक सुमारे ७ सागरी मैल आणि लार्विक सुमारे ३० सागरी मैल. इतक्या अंतराला ही बॅटरी पुरते. ‘एव्हर गिव्हन’चे मुख्य इंजिन सुमारे ५९,००० किलोवॅटचे आहे. ते पूर्ण शक्तीने चालवले तर ‘यारा बिर्कलंड’ची सगळी बॅटरी जेमतेम सात मिनिटांत रिकामी होईल. महासागर ओलांडणाऱ्या जहाजांना दुसरे इंधन शोधावे लागेल. त्याचा शोध अमोनिया, मिथेनॉल अशा दिशांनी चालू आहे, आणि त्याचा खलाशी असण्या-नसण्याशी थेट संबंध नाही.

याच मार्गावरचे पुढचे पाऊल भारतात घडले. नॉर्वेच्या आस्को या किराणा वितरक गटाने ऑस्लोफियोर्ड ओलांडून ट्रेलर नेण्यासाठी दोन विद्युत नौकांची मागणी कोचीन शिपयार्डकडे नोंदवली. ‘मारित’ आणि ‘थेरेसे’ या ६७ मीटर लांबीच्या नौका कोचीत बांधल्या गेल्या. प्रत्येकीवर १६ ट्रेलर मावतात आणि १,८४६ किलोवॅट-तासाची बॅटरी आहे. २०२२ साली त्या मोठ्या भारवाहू जहाजावर चढवून नॉर्वेला नेण्यात आल्या. मॉस आणि होर्टेन यांमधल्या त्यांच्या फेऱ्याही खलाशांसह सुरू झाल्या. त्यांचे व्यवस्थापन कोंग्सबर्ग आणि विल्हेल्मसन या कंपन्यांनी मिळून स्थापलेली मास्टर्ली ही कंपनी करते, आणि किनाऱ्यावर बसून एकाहून अधिक जहाजांवर नजर ठेवणे हाच तिचा मुख्य धंदा आहे. बिनखलाशी जहाजाची खरी आर्थिक बाजू इथे आहे. माणूस नाहीसा होत नाही, तो किनाऱ्यावर येतो आणि एका जहाजाऐवजी अनेक जहाजे पाहतो.

जपानला याच उपायाची निकड वेगळ्या कारणाने वाटली. तिथल्या किनारी जहाजांवरचे अर्ध्याहून अधिक खलाशी पन्नाशी ओलांडलेले होते. निप्पॉन फाउंडेशनने २०२० साली ‘मेगुरी २०४०’ हा कार्यक्रम सुरू केला आणि २०४० पर्यंत देशांतर्गत जहाजांपैकी निम्मी स्वयंचलित करण्याचे ध्येय ठेवले. २०२२ च्या जानेवारी ते मार्च दरम्यान तिथे एकामागून एक चाचण्या झाल्या. ‘सोलेइल’ ही २२२ मीटरची फेरीबोट सुमारे सात तास आपली आपण चालली. ‘मिकागे’ हे कंटेनर जहाज त्सुरुगाहून साकाईला गेले आणि धक्क्याला बांधण्याचे दोरखंड किनाऱ्यापर्यंत पोहोचवायला ड्रोन वापरले गेले. ‘सुझाकू’ने जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक असलेल्या टोकियो उपसागरातून इसेपर्यंत जाऊन-येऊन सुमारे ७९० किलोमीटरचा प्रवास केला. यापैकी प्रत्येक जहाजावर खलाशी हजर होते, पण बहुतेक वेळ त्यांनी हात लावला नाही.

त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई गटातील अविकस कंपनीची प्रणाली बसवलेले ‘प्रिझम करेज’ हे द्रवरूप नैसर्गिक वायू नेणारे जहाज मेक्सिकोच्या आखातातून पनामा कालव्यामार्गे कोरियाला ३३ दिवसांत पोहोचले. सुमारे २०,००० किलोमीटरपैकी निम्मे अंतर प्रणालीने मार्ग आणि वेग ठरवून कापले. इंधनाची कार्यक्षमता सुमारे ७ टक्के वाढली आणि हरितगृह वायू ५ टक्के घटले, असे कंपनीने सांगितले. हे आकडे कंपनीचे आहेत हे लक्षात ठेवावे. पण त्यांचे प्रमाण विश्वासार्ह वाटते, कारण खलाशी ठेवून केवळ निर्णय सुधारल्याने होणारी बचत तितपतच असू शकते: हवामान पाहून मार्ग वळवणे, सुकाणू कमी हलवणे, बंदरात जागा मोकळी होईल त्या वेळेलाच पोहोचेल असा वेग धरणे. यातली शेवटची गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. मालवाहू जहाजे भरधाव येऊन बंदराबाहेर दिवसेंदिवस नांगर टाकून थांबतात, कारण भाडेकराराच्या जुन्या अटी आधी पोहोचणाऱ्याला लाभ देतात. ही अट बदलणे करार करणाऱ्यांच्या हातात आहे. संगणक कितीही हुशार असला तरी तो ती बदलू शकत नाही.

पूर्णपणे बिनखलाशी सफर लांबवर करण्याचा गाजलेला प्रयत्न होता तो ‘मेफ्लॉवर’ या १५ मीटरच्या संशोधन नौकेचा. प्रोमेअर ही संस्था आणि आयबीएम यांनी ती तयार केली होती. जून २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघाल्यावर काही दिवसांतच तिला परत आणावे लागले. २०२२ च्या एप्रिलच्या अखेरीस ती पुन्हा निघाली, वाटेत बिघाडामुळे अझोरेस बेटांवर थांबली आणि जूनमध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला पोहोचली. दोन्ही वेळा दगा दिला तो यंत्रभागांनी. पहिल्यांदा धूर बाहेर सोडणाऱ्या नळीचा सांधा तुटला, दुसऱ्यांदा जनित्राच्या विजेच्या जोडणीत बिघाड झाला. मार्ग काढणाऱ्या संगणकात दोष निघाला नाही. जहाजावर एक साधा फिटर असता तर दुरुस्ती तिथेच झाली असती. लांब पल्ल्याच्या जहाजांवरून इंजिनाची माणसे उतरवणे ब्रिजवरची माणसे उतरवण्यापेक्षा अवघड आहे, ते यामुळे.

कायदा या सगळ्याच्या मागून चालला आहे. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम प्रत्येक जहाजाने डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवावी असे सांगतात. कॅमेरा आणि मायक्रोफोन हे डोळे-कान धरायचे का, किनाऱ्यावरच्या कक्षातल्या माणसाला कप्तान म्हणायचे का, समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवण्याचे कर्तव्य बिनखलाशी जहाजाने कसे पाळायचे, हे प्रश्न त्यातून उभे राहतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१७ साली आपल्या सुरक्षाविषयक करारांची या दृष्टीने छाननी हाती घेतली आणि २०२१ च्या मे महिन्यात ती पूर्ण केली. छाननीसाठी स्वयंचलनाच्या चार पायऱ्या मानल्या गेल्या: खलाशांना यंत्राची मदत, खलाशी असताना दुरून नियंत्रण, खलाशांविना दुरून नियंत्रण, आणि पूर्ण स्वयंनिर्णय. त्यानंतर अशा जहाजांसाठी स्वतंत्र संहिता लिहिण्याचे काम सुरू झाले. ती आधी ऐच्छिक स्वरूपात लागू करायची, तिचा अनुभव घ्यायचा आणि १ जानेवारी २०३२ पासून बंधनकारक संहिता अमलात आणायची, असे वेळापत्रक संघटनेने आखले. तोपर्यंत एका देशाच्या किनाऱ्यालगत, त्या देशाच्या परवान्याने चालणाऱ्या लहान जहाजांपुरताच हा व्यवहार मुख्यतः मर्यादित आहे, आणि म्हणूनच नॉर्वेचे फियोर्ड, फिनलंडचा द्वीपसमूह आणि जपानचा किनारा या तीन ठिकाणी तो सर्वाधिक पुढे गेला आहे.